मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे चुरचुरणं: थेंब घालतोय, पण पापणीची कड कोण बघतंय?

निवडुंग

भिंग जागेवर बसलंय, तपासणीत सगळं ठीक आहे, लांबचं स्वच्छ दिसतंय. तरी डोळ्यात कण गेल्यासारखं खुपतं, वाऱ्यावर पाणी गळतं, सकाळी पापण्या जड असतात आणि पेपर वाचायला घेतला की दहा मिनिटांत अक्षरं पुसट होतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची ही तक्रार सर्रास आढळते, आणि तिला मिळणारं उत्तरही ठरलेलं: "थेंब घाला, जाईल हळूहळू." बऱ्याच जणांचं जातंही. ज्यांचं जात नाही त्यांच्यासाठी हा धागा.

डोळ्यावरचा अश्रूंचा थर नुसत्या पाण्याचा नसतो. खाली चिकट श्लेष्म, मध्ये पाणी आणि वर तेलाची अगदी पातळ साय. हे तेल पापणीच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांची तोंडं पापण्यांच्या केसांच्या लगेच मागे एका ओळीत असतात. ग्रंथी निरोगी असेल तर कड हलकी दाबताच गोडेतेलासारखा पातळ थेंब वर येतो. बिघडली की तेच तेल थंडीत बाटलीत थिजलेल्या खोबरेलासारखं होतं. आत आहे, पण बाहेर येत नाही. साय नाही म्हटल्यावर पाणी भराभर उडून जातं.

ऑपरेशनमध्ये काय होतं ते बघा. फेकोसाठी (मोतीबिंदू यंत्राने फोडून छोट्या छेदातून काढायची पद्धत) कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेच्या, कडेला २.२ ते २.८ मिमीचा छेद घेतात. कॉर्नियाच्या नसा कडेकडूनच आत येतात, त्यातल्या काही तुटतात. संवेदना कमी झाली की "कोरडं पडलंय" हा निरोप मेंदूकडे नीट जात नाही, मग अश्रूही कमी आणि पापणी लवणंही कमी. त्यात निर्जंतुकीकरणासाठी डोळ्यात घातलेलं ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, मायक्रोस्कोपचा झगझगीत प्रकाश, पापण्या ताणून धरणारा चिमटा, आणि नंतरचे महिनाभराचे थेंब. त्रास बहुधा पहिल्या आठवड्यापासून महिन्यापर्यंत सर्वांत जास्त असतो आणि तीन महिन्यांत पुष्कळसा ओसरतो.

तीन महिन्यांनंतरही तसाच असेल, तर पापणीच्या ग्रंथी ऑपरेशनच्या आधीपासूनच अर्धवट तुंबलेल्या होत्या का, हे आधी तपासायला हवं. साठीनंतर हे फार जणांत असतं आणि मोतीबिंदूच्या धुरकट नजरेत लक्षातही येत नाही.

सातपुडा

छान सुरुवात. बिनटाक्याच्या मोठ्या छेदाच्या पद्धतीबद्दल थोडी भर. शिबिरांत अजूनही तीच जास्त वापरतात. तिच्यात छेद ६ ते ७ मिमीचा असतो, पण पांढऱ्या भागातून बोगद्यासारखा आत नेतात. तिथलं वरचं पातळ आवरण बाजूला सारावं लागतं आणि श्लेष्म तयार करणाऱ्या पेशी त्याच आवरणात असतात. म्हणजे "फेको केलं म्हणून कोरडं पडलं, साधं केलं असतं तर पडलं नसतं" असं काही म्हणता येत नाही.

पारिजात_

एक अडचण. डोळ्यातून घळाघळा पाणी येतंय आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत. घरच्यांना हे पटत नाही आणि थेंब बंद केले जातात. समजावायचं कसं?

निवडुंग

@पारिजात_, तव्यावर शिंपडलेलं पाणी आठवा. कितीही शिंपडा, टिकत नाही. थर फाटला की कॉर्निया उघडी पडते, चुरचुरते, आणि अश्रूंची मोठी ग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. या पाण्यात तेल नसतं, म्हणून ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडा. घरच्यांना एवढंच विचारा: पापणी दोन-तीनदा मिटली की क्षणभर स्पष्ट दिसतं आणि पुन्हा पुसट होतं का? "हो" आलं तर दोष बहुधा अश्रूंच्या थरात आहे.

दीपमाळ

तपासणीला जाताना काय मागायचं ते लिहिते, कारण गर्दीच्या ओपीडीत नंबर काढून, दाब मोजून मोकळं करतात.

पहिली टीबीयूटी, म्हणजे अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते. डोळ्यात फ्लोरेसिनचा पिवळा रंग लावतात, दोन-तीनदा पापण्या मिटायला सांगतात आणि मग डोळा उघडा ठेवून निळ्या प्रकाशात सेकंद मोजतात. हिरवट थरात पहिला काळा ठिपका कितव्या सेकंदाला पडला, तो आकडा. १० च्या खाली म्हणजे थर कच्चा, ५ च्या खाली म्हणजे चांगलाच बिघडलेला. त्याच रंगात कॉर्नियावर बारीक ठिपके उठलेत का तेही दिसतं.

शिरमर म्हणजे खालच्या पापणीत अडकवायची ५ मिमी रुंद, ३५ मिमी लांब कागदी पट्टी. पाच मिनिटांत १० मिमीपेक्षा कमी भिजली तर पाणी कमी, ५ किंवा त्याहून कमी तर फारच कमी. क्रम महत्त्वाचा आहे. पट्टी टोचते आणि थर ढवळून टाकते, म्हणून टीबीयूटी आधी, पट्टी शेवटी.

तिसरी तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी: पापणीची कड दाबून बघणं. खालच्या पापणीच्या मधल्या भागातल्या सलग पाच ग्रंथी दाबायच्या. किती उघडतात आणि काय बाहेर येतं? पातळ तेल, गढूळ तेल, कणीदार, की टूथपेस्टसारखी वळी? शिरमर चांगली आणि टीबीयूटी ३-४ सेकंद अशी जोडी आली तर पाणी आहे, तेल नाही. मग नुसते पाण्याचे थेंब कितीही घाला, वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ग्रंथींचा फोटोही काढता येतो. एक तृतीयांशपेक्षा कमी ग्रंथी गेल्यात, दोन तृतीयांशपर्यंत, की त्याहून जास्त, असा अंदाज येतो. वाळून गेलेली ग्रंथी परत उगवत नाही, त्यामुळे तुंबलेल्या आहेत तोवरच हालचाल करायची.

औषधपेटी

थेंबांचा हिशेब मांडतो. पहिल्या आठवड्यात नेहमीची चिठ्ठी अशी असते: स्टेरॉइड ६ वेळा, अँटिबायोटिक ४ वेळा, वेदनाशामक ३ वेळा. दिवसाला १३ थेंब. बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकवणारं रसायन असतं. साबणासारखं काम करतं, तेलाची साय फोडतं आणि वरच्या पेशींना इजा करतं. त्यावर दिवसातून आठ वेळा "आराम म्हणून" घातलेल्या कृत्रिम अश्रूंतही तेच रसायन असेल तर आगीत तेल.

म्हणून बाटलीचं लेबल वाचा. कृत्रिम अश्रू चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर "प्रिझर्व्हेटिव्ह फ्री" लिहिलेलेच घ्या, एकदाच वापरायच्या छोट्या नळ्या किंवा झडपेची खास बाटली. चार किंवा कमी वेळा असतील तर स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स किंवा पॉलिक्वाड ही सौम्य टिकवणारी द्रव्यं असलेले चालतात. आतलं औषध कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज ०.५ टक्के असो की सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्के, सुरुवातीला फार फरक पडत नाही. तेल कमी असेल तर तेलाचे सूक्ष्म कण असलेले, लिपिडयुक्त थेंब जास्त वेळ टिकतात.

घालण्याची पद्धत: हात धुवा, खालची पापणी गालाच्या हाडावरून खाली ओढा, एकच थेंब. थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात तेवढंही मावत नाही, दुसरा थेट गालावर जातो. डोळा दोन मिनिटं मिटून ठेवा. दोन औषधांत किमान ५ मिनिटं. आधी पातळ, मग दाट, मलम शेवटी. प्रेड्निसोलोन ॲसिटेटची (स्टेरॉइडची) बाटली दर वेळी जोरात हलवा, औषध तळाशी बसतं. न हलवता वापरली तर पहिले पंधरा दिवस नुसतं पाणी आणि नंतर एकदम कडक डोस जातो. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या, अर्धी उरली असली तरी.

आणि कळकळीची विनंती: चुरचुरतं म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करू नका, आतली सूज उसळते. बरं वाटतं म्हणून मनाने चालूही ठेवू नका, डोळ्याचा दाब वाढतो आणि तो वाढलेला जाणवत नाही. चुरचुर सांगितली की डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात.

सातपुडा

वेदनाशामक थेंबांबद्दल पुस्ती. नेपाफेनॅक, केटोरोलॅक, ब्रोमफेनॅक हे डोळ्याच्या आतल्या पडद्याची सूज टाळायला देतात आणि ते आवश्यक असतात. पण ते कॉर्नियाची संवेदना आणखी कमी करतात. संधिवात, स्यॉग्रेन (अश्रू आणि लाळ आटवणारा आजार), जुना मधुमेह किंवा आधीच अतिकोरडे डोळे असतील तर ते सर्जनला ऑपरेशनच्या आधी सांगा. १९९९ मध्ये अमेरिकेत डायक्लोफेनॅकचे थेंब वापरणाऱ्यांत कॉर्निया विरघळल्याच्या घटना पुढे आल्या, तेव्हापासून अशा रुग्णांत हे थेंब मोजून-मापून देतात.

हिरवळ

शेकाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. अर्धं उकळतं आणि अर्धं साधं पाणी मिसळून रुमाल बुडवायचा, पिळून डोळ्यावर पाच मिनिटं ठेवायचा. दिवसातून दोनदा. मग पापण्या चोळायच्या.

दीपमाळ

@हिरवळ, शेक हाच या सगळ्याचा कणा, पण प्रमाण दुरुस्त करते. नळाचं पाणी २५ अंशांचं धरलं तर अर्धं-अर्धं मिसळून ६२ अंश होतं. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, तिथे भाजेल. एक वाटी उकळतं आणि तीन वाट्या साधं घ्या, साधारण ४४ अंश येतं. ४५ च्या वर जायचं नाही. तापाचा थर्मामीटर बुडवू नका, त्याची पट्टी ४२-४३ लाच संपते. मनगटाच्या आतल्या बाजूला रुमाल लावून बघा: सुखद गरम लागला पाहिजे, हात मागे घ्यावासा वाटता कामा नये. मधुमेहात बोटांची जाणीव कमी असते, अशांनी दुसऱ्याच्या मनगटावर तपासावं.

दुसरी चूक वेळेची. थिजलेलं तेल वितळायला पापणीच्या आत ४० अंशांच्या आसपास ऊब सात-आठ मिनिटं टिकावी लागते. ओला रुमाल दोन मिनिटांत निवतो. म्हणजे पाच मिनिटांपैकी तीन मिनिटं गार रुमाल डोळ्यावर. दोन रुमाल घ्या, मिसळलेलं पाणी थर्मासमध्ये ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. दहा मिनिटांत पाच वेळा. बाजारात मिळणारा गरम करायचा डोळ्यांचा मास्क जास्त सोयीचा, एकसारखी ऊब दहा मिनिटं देतो.

तिसरी चूक "चोळायच्या" या शब्दात आहे. गरम झालेली कॉर्निया मऊ असते, चोळली तर तिचा आकार बिघडू शकतो. डोळा मिटा, करंगळीशेजारच्या बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची पापणी खालून वर, केसांच्या दिशेने हळूच निपटा. टूथपेस्टची नळी शेवटाकडून निपटतात ना, तसं. प्रत्येक पापणीला पाच-सहा वेळा, बुबुळावर दाब न देता. लगेच उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने कड पुसून घ्या, सुटलेलं तेल तिथेच राहिलं तर पुन्हा थिजतं.

निवडुंग

आणि हे ठळक करतो: ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हे सगळं लगेच सुरू करायचं नाही. बिनटाक्याची जखम स्वतःहून मिटलेली असते, दाब पडला तर उघडू शकते. निपटणं किमान चार आठवडे नाही, टाका असेल किंवा मोठा छेद असेल तर सर्जन सांगतील तोवर नाही. शेकही सर्जनला विचारूनच. न झालेल्या डोळ्यावर मात्र आजपासून करता येईल.

पारिजात_

कड पुसायला बेबी शाम्पू पातळ करून वापरा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. चालेल?

औषधपेटी

वर्षानुवर्षं सांगत आलेत, पण आता मी तो सुचवत नाही. शाम्पू साय फोडतो आणि श्लेष्माच्या पेशींनाही त्याचा त्रास होऊ शकतो. पापण्यांसाठीचे तयार ओले वाइप किंवा फोम बरे.

पापणीच्या केसांच्या मुळाशी पारदर्शक नळकांड्यासारखा कोंडा दिसला तर तो डेमोडेक्स या सूक्ष्म किड्याचा असतो. साध्या पुसण्याने तो जात नाही. टी ट्री तेलातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक असलेले वाइप यासाठी मिळतात. बाटलीतलं निव्वळ टी ट्री तेल मात्र डोळ्याजवळ कधीही नेऊ नका, कॉर्निया भाजते. अमेरिकेत २०२३ मध्ये यासाठी लोटिलानर ०.२५ टक्के थेंबांना मान्यता मिळाली आहे.

हिरवळ

प्रमाणाबद्दल धन्यवाद @दीपमाळ, माझी माहिती चुकीची होती. गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचं पाणी याबद्दलही कोणीतरी स्पष्ट लिहा, ज्येष्ठांच्या घरात हे पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

सातपुडा

ऑपरेशननंतर यातलं काहीही डोळ्यात नको. प्रश्न निर्जंतुकतेचा आहे. रात्रभर भिजवून कापडाने गाळलेल्या त्रिफळ्याच्या पाण्यात जंतू असतात. धडधाकट डोळा ते सहन करेलही, ताज्या जखमेच्या डोळ्यात ते आत गेले तर नजर जाऊ शकते. गुलाबपाण्यात सुगंध आणि टिकवणारी द्रव्यं असतात, क्षणभर गार वाटतं आणि कोरडेपणा वाढतो.

काजळाचा मुद्दा वेगळा आणि दीर्घकाळाचा. पापणीच्या आतल्या कडेला, केसांच्या मागे काजळ किंवा सुरमा भरतात, तिथेच या ग्रंथींची तोंडं असतात. भिंगातून बघितलं तर काळा मेणचट थर तोंडांवर बसलेला स्पष्ट दिसतो. लावायचंच असेल तर महिन्याभराने, केसांच्या बाहेरच्या बाजूला, आणि रात्री काढून.

दीपमाळ

शेक आणि सफाई सहा-आठ आठवडे नीट करूनही कड दाबल्यावर टूथपेस्टसारखी वळीच येत असेल तर पुढची पायरी डॉक्टरांची. पापणीच्या कडेला लावायचं ॲझिथ्रोमायसिन १ टक्का, किंवा पोटातून डॉक्सीसायक्लिन काही आठवडे. डॉक्सी इथे जंतू मारण्यापेक्षा सूज कमी करायला आणि तेलाचा पोत सुधारायला देतात. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका, अन्ननलिकेत चिकटली तर व्रण होतो. दूध, कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं औषध यांच्यापासून दोन तास लांब ठेवा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आधी सांगा.

सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के थेंब सूज मुळातून कमी करतात, पण परिणाम दिसायला तीन महिने लागू शकतात आणि सुरुवातीला झोंबतात. तिसऱ्या दिवशी "झोंबतंय" म्हणून बंद करणारे फार, हे आधीच सांगितलं तर थांबतात.

उष्णता आणि दाब देणारी यंत्रं आहेत, त्यातल्या एकात १२ मिनिटं पापणी आतून ४२.५ अंशांपर्यंत तापवतात. प्रकाशाच्या झोताचा आयपीएल उपचार तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा करतात. सावळ्या कातडीवर त्याने डाग किंवा भाजल्याच्या खुणा उठू शकतात, तेव्हा त्वचेचा रंग बघून यंत्र लावतात का आणि आधी छोट्या जागेवर चाचणी घेतात का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल? २०१८ मध्ये आलेल्या ड्रीम या मोठ्या चाचणीत रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ एक वर्ष दिलं, तुलनेला ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. मी त्यावर खर्च करायला सांगणार नाही.

औषधपेटी

अश्रूंची वाहिनी बुजवणाऱ्या प्लगबद्दल: पापण्यांची सूज आधी उतरवा, मग प्लग. नाहीतर सुजेची रसायनं असलेलं पाणी डोळ्यातच तुंबतं.

आणि बधिर करणारे थेंब (दाब मोजताना घालतात ते) घरी न्यायला मागू नका. छान वाटतं, पण वारंवार वापरले तर कॉर्नियाला व्रण पडतो. दवाखान्यात मात्र त्यांचा एक उपयोग आहे. थेंब घातल्यावरही दुखणं तसंच राहिलं तर मूळ पृष्ठभागावर नसून नसांच्या दुखण्यात असू शकतं, आणि त्याचे उपचार वेगळे.

निवडुंग

ज्यांचा एक डोळा झालाय आणि दुसरा बाकी आहे त्यांनी हे जरूर वाचा.

भिंगाचा नंबर काढताना कॉर्नियाचा गोलावा मोजतात, आणि यंत्र प्रत्यक्षात त्यावरच्या अश्रूंच्या थरावरून परतलेला प्रकाश मोजतं. थर फाटका असेल तर मोजमाप दर वेळी वेगळं येतं. गोलाव्यात १ डायॉप्टरची (नंबर मोजायचं एकक) चूक म्हणजे भिंगाच्या नंबरात जवळपास तेवढीच चूक. तिरक्या नंबरासाठीचं टॉरिक भिंग घेत असाल तर अक्षही त्याच मोजमापावरून ठरतो. १० अंश चुकला तर एक तृतीयांश परिणाम वाया. मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या) भिंगात तर कोरडेपणाचा पुसटपणा दुपटीने जाणवतो.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणांची टीबीयूटी ५ सेकंद किंवा त्याहून कमी निघाली. म्हणून कड आधी तपासा, दोन ते चार आठवडे उपचार घ्या आणि मग मोजमाप पुन्हा करून घ्या. दोन मोजमापं जुळली तर तारीख ठरवा. मोजमापाच्या दिवशी त्याआधी शिरमर नको, दाब मोजणं नको, ऐन वेळी थेंबही नको. पापणीला सूज किंवा पू असेल तर ऑपरेशन पुढे ढकललेलं केव्हाही बरं, तिथले जंतू आत जाण्याचा धोका असतो.

सातपुडा

सगळंच "कोरडेपणा" म्हणून अंगावर काढू नये, म्हणून हे वेगळं लिहितो.

पहिल्या काही दिवसांत ठणका वाढत गेला, लाली वाढली, नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असली तरी. आतला जंतुसंसर्ग असेल तर तासांनी फरक पडतो. चार-सहा आठवड्यांनी मधोमध धूसर आणि पापणी मिटूनही न सुधारणारं दिसत असेल तर पडद्यावर सूज असू शकते, त्यासाठी ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचा फोटो) करतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सगळंच हळूहळू धुरकट होत गेलं तर भिंगामागची पिशवी पांढुरकी झालेली असते, ती लेझरने उघडतात. कोरडेपणाचा पुसटपणा मात्र दिवसभरात वर-खाली होतो. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कोपऱ्यात चिपड, वारंवार रांजणवाडी असा इतिहास असेल तर बोट ग्रंथींकडे जातं. सकाळी ठीक आणि संध्याकाळी वाईट असेल तर पाणी कमी असण्याची शक्यता जास्त.

पारिजात_

फारच उपयोगी. शेवटचा प्रश्न: बरं वाटायला लागल्यावर शेक बंद करायचा का? आणि टीव्ही-मोबाइल?

दीपमाळ

शेक पहिला महिना दिवसातून दोनदा, मग एकदा, आणि दिवसातला तो एक शेक कायमचा धरा. बंद केला की काही आठवड्यांत तोंडं पुन्हा बुजतात.

मोबाइलवर मिनिटाला १५ वेळा लवणारी पापणी पाच-सात वेळा लवते, आणि त्यातही अर्धवट. पापणी पूर्ण मिटल्याशिवाय ग्रंथी दाबली जात नाही, तेल बाहेर येत नाही. दर वीस मिनिटांनी दहा वेळा: अलगद मिटा, दोन सेकंद थांबा, किंचित घट्ट करा, उघडा. (घट्ट करण्याचा भाग जखम भरल्यावरच.) पडदा डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. पंख्याचा आणि एसीचा झोत तोंडावर नको, बस-स्कूटरवर बाजूने झाकलेला चष्मा.

आणि आठ आठवड्यांनी टीबीयूटी परत मोजून घ्या, दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहा. ३ चा ७ झाला असेल तर चुरचुर थोडी राहिली तरी वाट बरोबर आहे, तेच चालू ठेवा. ३ चा ३ च राहिला तर पुढची पायरी मागा.